गुंड पुढं, देव मागं

सोमारीनं नवऱ्याला देवाशी लबाडी करायला सांगितलं. तेही भल्या सकाळी, चुलीवर पेज रटरटत असताना, बाजारातून मीठ आणायला सांगावं इतक्या सहज.

"जास्त काई करू नका," ती म्हणाली. "आपल्या आंगणात देव आला का तुम्ही खांदा जरासा खाली सोडा. देव झुकला म्हणजे झालं."

लटारूच्या घशात पेज अडकली. "सोमारी, थो देव हाय. डम्परचं स्टेअरिंग नोहे, इकडं फिरवलं का इकडं गेलं."

"मंग ठमाबाईचा नवरा काऊन कालपासून खांद्याले तेल चोळून राह्यला? त्याले काय खांदेदुखी झाली?"

"थ्याचं थो पाही. मी देवाले बोटानं बी ढकलनार नाई." एवढं बोलून लटारूनं वाटी खाली ठेवली आणि टॉवेल खांद्यावर टाकून तो नाल्यावर आंघोळीला निघून गेला. सोमारीनं त्याच्या पाठीमागं दोन भांडी आपटून घेतली. नवरा सरळमार्गी असावा, पण इतकाही असू नये, असं तिचं स्पष्ट मत होतं.

आता ही भानगड काय, ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई वाईट चालीची आहे. बाई वाईट नव्हती. बाईला पाणी पाहिजे होतं.

एटापल्लीच्या पुढं जंगलात लोखंडाच्या दगडाचा एक डोंगर आहे. डोंगर खणायला लागले तेव्हा त्याच्या पोटाशी असलेलं गाव खाली उतरलं आणि पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहू लागलं. खोल्यांच्या दोन रांगा. डोंगराकडची ती वरची लाइन, डम्परच्या रस्त्याला अगदी लागून. नाल्याकडची ती खालची लाइन. गड्यांना खाणीत मजुरी, बायांना रस्ता झाडायचं नाहीतर गोटे निवडायचं काम, तेही असलं तर असलं. पत्रा उन्हाळ्यात भाजायचा, हिवाळ्यात गारठवायचा आणि पावसाळ्यात असा वाजायचा की नवराबायकोला भांडायचं असलं तरी पाऊस थांबायची वाट पाहावी लागे. आणि धूळ म्हणाल तर तांबडी, बारीक, बिनबोलावता घरात येणारी. पांढरी कोंबडी आणली तर पंधरवड्यात ती कोणाची, हे ओळखायची पंचाईत. भातात धूळ, अंथरुणात धूळ, लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या टोपीवरही धूळ. पण माणसं अशी चिवट की त्यातही हसायची, नाचायची, मार्कंड्याच्या जत्रेला जायची आणि परत येऊन पुन्हा झाडू हाती घ्यायची.

धुळीचं एक वेळ चालून जाई, पाण्याचं चालत नव्हतं. प्यायचं पाणी नाल्यातल्या रेतीत झरी उकरून भरायचं आणि गुंड, म्हणजे पाण्याची घागर, डोक्यावर घेऊन चढ चढायचा. खालच्या लाइनला तो चढ निम्मा, वरच्या लाइनला पुरा. सोमारीची खोली वरच्या लाइनीत सगळ्यात शेवटची. तिचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते, पण ती गुडघ्यांसाठी रडणारी बाई नव्हती. रडणं होतं ते सुनेचं. मंगली मागच्या हिवाळ्यात भरला गुंड घेऊन चढताना घसरली होती आणि पोटातलं लेकरू गेलं होतं. लेकाला, कोलूला, तेव्हा चार दिवस कोणी हसताना पाहिलं नाही. आता मंगलीला पुन्हा दिवस गेले होते, पोट चांगलं वर आलं होतं, कोलू मिरची तोडायला तेलंगणात गेला होता, आणि सोमारीनं मनाशी ठरवून टाकलं होतं की काही झालं तरी ही पोरगी तो चढ गुंड घेऊन चढणार नाही. पण सोमारी कामावर गेली की मंगली गुपचूप गुंड उचलायची. सासू कुरकुरत्या गुडघ्यांनी चढते हे त्या पोरीला बघवत नव्हतं. दोघी एकमेकींपासून लपून पाणी भरायच्या आणि सापडल्या की भांडायच्या.

अशात खाणीच्या कंपनीकडून लाइनीला एक बोरिंग मंजूर झालं. दोन नाही, एकच. मशीनवाला येऊन सांगून गेला, "जागा तुमी ठरवा. बाजाराच्या दिवशी मशीन येते. जागा ठरली नसन त मशीन पुढच्या गावाले जाईन. मंग मले बोलू नका."

झालं. एका रात्रीत लाइनीची दोन गावं झाली. खालची लाइन म्हणे, आमच्याकडं नाला जवळ, पाणी लवकर लागेल. वरची लाइन म्हणे, नाला जवळ आहे तर नाल्याचंच प्या की. खालच्या लाइनीची ठमाबाई म्हणजे तोंडाची मशीनगन. ती एका दमात वरच्या लाइनीच्या तीन पिढ्या काढायची. सभा झाल्या, सभेत चहा झाला, चहाचं पाणी कोणी भरायचं यावर पुन्हा भांडण झालं. शेवटी देवाजी बुढ्यानं काठी आपटली. देवाजी म्हणजे गावाचा पुजारी, दात दोन राहिलेले पण शब्दाला वजन पुरं.

"तुमचं तुमाले जमत नाई ना? मंग आंग्याले विचारू," तो म्हणाला.

आंगा म्हणजे त्यांचा देव. लांब लाकडाचे दांडे एकमेकांना बांधलेले, टोकाला मोराची पिसं. चार गडी तो खांद्यावर घेतात, आणि एकदा घेतला की त्यांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. कोणाच्या घरी जायचं असलं की त्या घरची बाई भरला गुंड डोक्यावर घेऊन पुढं चालते आणि देव तिच्या मागं येतो. आंगणात आल्यावर ती चौघांच्या पायांवर पाणी घालते. पाय धुतल्याशिवाय देवाला प्रश्न विचारत नाहीत. विचारल्यावर देव पुढं झुकला तर होय, मागं सरकला तर नाही. आणि देव जमिनीवर बसला तर सगळ्यांनी बसायचं, तो उठेपर्यंत. देव दोन्ही लाइनींत दारोदार फिरणार आणि जिथं होय म्हणेल तिथं बोरिंग, असं ठरलं. ही रीत मोडायची छाती ठमाबाईचीही नव्हती.

त्या चार गड्यांत एक लटारू होता आणि एक ठमाबाईचा नवरा. म्हणून सकाळची ती पेज आणि ती भांडी आपटणं.

नवरा हाती लागत नाही म्हटल्यावर सोमारीनं देवालाच खुश करायचं ठरवलं. आंगण असं झालं पाहिजे की देवाचा पाय तिथून निघू नये. तिनं पहाटेच नाल्यावरून पाणी आणून ठेवलं होतं. शेण कालवलं, आंगण सारवलं, वर सडा शिंपडला. आंगण हिरवंगार, ओलं, नजर ठरावी असं झालं. ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली, तेवढ्यात रस्त्यावरून डम्पर गेला. धुराळा उठला, सावकाश खाली आला आणि आंगणावर तांबडी चादर पसरून बसला.

सोमारीनं डम्परवाल्याच्या नावानं दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा सडा शिंपडला. पुन्हा डम्पर आला. तिसऱ्यांदा शिंपडला. आता तर तिला ईर्ष्याच चढली, जणू डम्पर हीच तिची सवत. दाराशी बसलेली मंगली म्हणाली, "आत्या, पुरे नं. पाणी राह्यलं पायजे."

"एक गुंड ठेवला हाय पायाले. मले का समजत नाई?" सोमारी म्हणाली.

खाली ढोल वाजायला लागला. देव निघाला होता, पण खालच्या लाइनीतून निघाला होता, वर यायला वेळ होता. त्यात अजून एक डम्पर गेला. सोमारीनं त्या आंगणाकडं पाहिलं, ठेवलेल्या गुंडाकडं पाहिलं. अर्धाच घेऊ म्हणून तिनं हात घातला. अर्ध्याचा पाऊण झाला, पाऊणाचा पूर्ण. अति तिथं माती म्हणतात ते उगाच नाही. इथं तर मातीवरच सगळं गेलं होतं.

शेजारणीकडून लोटाभर मागून घेऊ, असा तिचा हिशेब. पण ज्या बाईला मागितलं ती म्हणाली, "माय वो, मीच आत्ता देवाच्या पायावर उलथवला." दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. पाय धुवायचे म्हणून प्रत्येकीनं आपलं होतं नव्हतं ते घातलं होतं. सगळ्या वरच्या लाइनीत ओंजळभर पाणी नव्हतं, आणि ढोल शेजारच्या आंगणात येऊन ठेपला होता.

सोमारी रिकामा गुंड डोक्यावर घेऊन आंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. शेजारच्या आंगणात देव वळून तिच्याकडं तोंड करून उभा होता. पुढच्या दांड्याखाली लटारू, घामानं निथळत. मागं सगळं गाव. आतापर्यंतच्या प्रत्येक आंगणात देव मागं सरकला होता. ठमाबाई पुढं येऊन म्हणाली, "काय वो सोमारी, चाल नं पुढं. का देवाले तिथूनच हात दाखवतेस?"

पाणी नाही म्हणावं तर पाय धुतले जाणार नाहीत. पाय धुतले नाहीत तर तिच्या दारी प्रश्नच विचारला जाणार नाही. मंगली दाराशी पोटावर हात ठेवून बसली होती आणि सासूच्या तोंडाकडं बघत होती. सोमारीला तो मागचा हिवाळा आठवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच पाणी तिच्याकडं होतं.

आणि तेवढ्यात तिला वरून धो धो आवाज आला.

डम्परचा रस्ता जिथं वळतो तिथं एक जाड नळ उभा होता. धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारणारी टँकर गाडी तिथं भरायची. पाणी कुठून पंपानं यायचं ते लाइनीत कोणी कधी विचारलं नव्हतं, कारण ते रस्त्याचं पाणी होतं, माणसांचं नव्हतं. आता टँकर भरून सांडत होता. सोमारीच्या डोक्यात एवढंच आलं की धावत जायचं, गुंड भरायचा आणि देव कंटाळायच्या आत परत यायचं.

ती निघाली. आपल्या आंगणात न वळता बाजूनं सरळ वर, गुडघे विसरून, गुंड डोक्यावर एका हातानं धरून. थोडं गेल्यावर तिला वाटलं, ढोल काही लांब पडत नाही. तिनं मागं वळून पाहिलं आणि तिच्या पाचावर धारण बसली. देव तिच्या मागं येत होता. देवाच्या मागं देवाजी, देवाजीच्या मागं ढोल, ढोलामागं अख्खं गाव, म्हातारी, कडेवरची लेकरं, दोन कुत्री.

आता बाईच्या डोक्यावर गुंड आणि बाई चालायला लागलेली. देवानं तरी काय करावं?

सोमारीनं हातानं खुणा केल्या, थांबा, तिथंच थांबा. गावाला वाटलं ती बोलावते आहे. ते जास्त जोरात आले. खांदेकऱ्यांना बोलायची बंदी. लटारूचे डोळे तेवढे गरागरा फिरत होते. शेवटी तिनं विचार करायचं सोडलं, नळाखाली गुंड धरला, भरला आणि जे होईल ते होईल म्हणून भर रस्त्यात चौघांच्या पायांवर ओतला. पाणी स्वच्छ होतं, गार होतं. ठमाबाईच्या नवऱ्यानं तर सुखानं डोळे मिटले.

पाय धुतले गेले म्हटल्यावर देवाजीला विचारणं भाग होतं. तो काठी टेकत पुढं आला, इकडंतिकडं बघितलं, घसा साफ केला. "देवा, पाणी कुठी? इथी का?"

देव पुढं झुकला.

"नक्की इथी?"

देव अजून झुकला, आणि मग चौघांचे गुडघे वाकले आणि देव नळाच्या बुंध्याशी रस्त्यावर बसला.

ढोल थांबला. मग ठमाबाईनंच तोंड उघडलं. "इथी कायले बोरिंग खणायचं? इथी त आधीच पाणी हाय."

ती हे भांडायला म्हणून बोलली होती. पण बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं नळाकडं पाहिलं, खाली दोन्ही लाइनींच्या पत्र्यांकडं पाहिलं, मग सोमारीकडं पाहिलं. आधी सोमारीला हसू फुटलं की ठमाबाईला, ते आजही ठरलेलं नाही. पुढच्या क्षणी सगळं गाव रस्त्यावर बसून पोट धरून हसत होतं. देव बसला होता, त्यामुळं सगळ्यांना बसायचंच होतं.

वरून डम्पर आला, थांबला. त्याच्यामागं दुसरा थांबला. बघता बघता वळणापर्यंत रांग लागली. मोटारसायकलवरून खाणीचा सुपरवायझर सुनिल आला. हा ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या घरातला, माणूस वाईट नव्हता, पण साहेबाच्या फोनचा त्यानं धसका घेतलेला होता.

"देवाजी भाऊ, हे काय करून राह्यले तुमी?"

"आमी काई नाई करून राह्यलो. देव बसला हाय."

"मंग देवाले जरा बाजूला व्हाले सांगा नं."

"तुमीच सांगा सायेब. त्याले मराठी समजते."

सुनिलनं खरंच चपला काढल्या, हात जोडले आणि देवाला विनंती केली. देव ढिम्म. इतक्यात फोन वाजलाच. सुनिल फोन कानाला लावून म्हणाला, "सर, रस्त्यावर देव बसला आहे... नाही सर, कोणी बसवला नाही, स्वतःच बसला... नाही सर, मी उठवू शकत नाही. तुम्ही येता का उठवायला?" पलीकडून साहेबानं फोनच ठेवून दिला. देवाला उठवायला यायची हौस त्यालाही नसावी.

सुनिल ठमाबाईपाशी येऊन उकिडवा बसला. "बाई, तुमाले पायजे काय, ते त सांगा."

ठमाबाई तयारच होती. "दोन नळ. एक खाली, एक वर. वरचा थ्या शेवटच्या खोलीपाशी. थिथली सून भारी पायाची हाय, तिले चढ नको."

सोमारीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. हीच ती बाई, जिनं तिच्या तीन पिढ्या काढल्या होत्या. ठमाबाई म्हणाली, "पाहतेस काय? मले का दिसत नवती थे पोरगी चढताना?"

सुनिलनं फोनवर पुन्हा बोलून घेतलं. बोरिंगचा खर्च मंजूर होताच, त्यात पाइप येऊन वर पैसे उरत होते, आणि इथून खाली उतारच उतार, पाणी आपोआप जाणार. साहेबानं हो म्हटलं. पण फोनवरच्या होवर विश्वास ठेवणं गावानं कधीच सोडून दिलं होतं. देवाजीनं सोमारीचा गुंड भरून सुनिलच्या हाती दिला. "पायावर घाला सायेब. ज्यानं पाणी घातलं त्याचा शब्द देवानं घेतला, असं आमी समजतो." सुनिलनं पँट वर दुमडली आणि चौघांच्या पायांवर पाणी घातलं. आणि देव उठला.

शब्द लगेच खरा झाला असं समजू नका. पाइप येतो येतो म्हणत राहिला. मग ठमाबाई आणि सोमारी दोघी रिकामे गुंड डोक्यावर घेऊन ऑफिसच्या गेटवर जाऊन नुसत्या उभ्या राहायच्या. गेटवरचा शिपाई विचारायचा, काय काम आहे? ठमाबाई म्हणायची, "काई नाई. देवाले बोलवाले आलो, थो मागून येतेच." सुनिल धावत बाहेर यायचा. असं करता करता होळीच्या आधी पाइप आला.

देव रस्त्यावर बसला त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मात्र सोमारीनं नवऱ्याला गाठलं होतंच. लटारू खांद्याला हळद लावत बसला होता. "खरं सांगा," ती म्हणाली, "तुमीच देवाले वर नेलं नं?"

लटारू खाली बघत राहिला. "नाई."

"मंग कोनं नेलं?"

"मले नाई माईत. मी त जीव खाऊन आपल्या आंगनाकडं ओढून राह्यलो होतो." त्याचे कान तांबडे झाले. "सकाळी तुले नाई म्हटलं. पन शेजारच्या आंगनातून मंगली दिसली दाराशी बसलेली. मंग मले नाई राहवलं. देव ऐकतच नवता वो. पहा नं, खांद्याचं कातडं निघालं." तिनं त्याच्या हातातली हळद घेतली आणि स्वतः लावून दिली, जरा जास्तच वेळ.

मंगलीला होळीनंतर मुलगी झाली. सरकारी दवाखान्यातून घरी आणली तेव्हा कोलूही तेलंगणातून परतला होता, आणि लेक बघून तो असा हसत होता की शेजारणी त्याला चिडवायला लागल्या. सोमारीनं दारातल्या नळावर गुंड भरला, चुलीवर पाणी कोमट केलं, पाय लांब करून बसली आणि नातीला पायांवर घेतलं. सोमारी म्हणजे लोटाभर पाण्यात तोंड धुऊन त्याच पाण्यात वाटी विसळणारी बाई. कोलूला तिनं लहानपणी ओल्या फडक्यानं पुसून मोठं केलं होतं. तिनं पहिला लोटा घातला, पोरगी रडली. दुसरा घातला, तिसरा घातला. गुंड संपला तशी ती कोलूला म्हणाली, "अजून आन."

"आत्या, झालं नं आता लेकरू साफ," मंगली म्हणाली.

"मले समजते," सोमारी म्हणाली. लेकरू केव्हाच स्वच्छ झालं होतं, रडायचंही थांबलं होतं. सोमारी मात्र पाणी घालतच राहिली.